पाण्यावरची साय

शिवन्या सकपाळ त्या सकाळी चौथ्यांदा पडली, तेव्हा अंकुश केळगणेने बोट वळवून तिच्याजवळ आणली आणि मोटर थांबवली. पाण्यातून आधी लाल लाइफ जॅकेट वर आलं आणि मग अकरा वर्षांचं एक संतापलेलं तोंड.

“तात्या, मी पडत नाही. ती लाट पाडते मला!”

“बघितलं मी आरशात.”

“मग तिला बसवा की खाली!”

शिवन्याचं म्हणणं खरं होतं. कोयनेच्या बॅकवॉटरवर, उंबरीवाडीच्या धक्क्यावरून तो अठ्ठावीस वर्षं बोट चालवत होता. आधी पर्यटकांना फिरवायचा. गेली सहा वर्षं वाडीतल्या मुलांना पाण्यावरचं स्कीइंग शिकवत होता. पायात फळ्या, हातात दोरीची मूठ, पुढे बोट. ऐकायला सोपं. पण बोट पाणी कापत जाते तशा तिच्या मागे दोन्ही अंगांनी लाटा उठतात, शेताच्या बांधासारख्या. खेळाडूला ते बांध सारखे ओलांडावे लागतात, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मोठी माणसं ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने जातात. त्या वेगाला बोट पाण्यावर उचलली जाते, जवळजवळ घसरत जाते, आणि मागचा बांध वीतभरही राहत नाही. लहान मुलांना मात्र अठ्ठावीसच्या पुढे नेता येत नाही. अठ्ठावीसला बोट धड तरंगत नसते आणि धड घसरतही नसते. मागून बसते, पुढून नाक वर काढते, आणि गुडघाभर लाट उभी करते. म्हणजे ज्याचे पाय सगळ्यांत लहान, त्याच्या वाट्याला सगळ्यांत मोठी लाट.

अंकुशने त्यावर जमेल ते सगळं केलं होतं. बॅटरीचे दोन्ही पेटारे मागून काढून पुढे बसवले होते. पुढच्या टोकाला वाळूच्या सहा गोणी टाकल्या होत्या, आणि मुलांची वजनं बदलतील तशा तो त्या हलवायचा. पंख्याचा कोन बोटभर खाली केला होता. मागच्या कडेला पत्र्याची एक झडप स्वतः ठोकून बसवली होती. दोरी कधी दोन हात आखडायचा, कधी सोडायचा. एवढं करून लाट गुडघ्यावरून नडगीपर्यंत आली होती. त्याखाली ती काही केल्या येत नव्हती.

आणि मे महिन्याच्या वीस तारखेला निवड समिती येणार होती. बारा वर्षांखालच्या मुलांचा देशाचा पहिला संघ निवडायचा होता. उंबरीवाडीतून सात मुलं उतरणार होती, आणि समितीने एक गोष्ट आधीच कळवली होती: इथली मुलं चांगली निघाली, तर पश्चिम भारताचं प्रशिक्षण केंद्र याच पाण्यावर उभं राहील.

“पुन्हा?” अंकुशने विचारलं.

शिवन्याने नाकातलं पाणी शिंकरलं आणि दोरीची मूठ धरली. “पुन्हा.”

ती पाचव्यांदा पडली.

*

२०३९ सालच्या एप्रिलमध्ये अंकुशची मुलगी ओवी चेन्नईहून घरी आली ती टेम्पोत एक लाकडी खोकं घेऊन. ती जहाजांच्या रचनेचं शिक्षण घेऊन तिथेच एका प्रयोगशाळेत काम करत होती. हातपाय धुण्याआधी तिने स्वयंपाकघरातून परात उचलली, पाण्याने भरली आणि अंगणात ठेवली.

“कणीक मळायची परात आहे गं ती!” आतून आई ओरडली.

“दोन मिनिटं, मम्मी! पप्पा, इकडे या. बघा.”

तिने एक बोट पाण्यात टेकवून हलवलं. वर्तुळं निघाली आणि परातीच्या काठाला जाऊन आपटली. “ही तुमची बोट. आता हे दुसरं बोट.” तिने दुसऱ्या हाताचं बोट बुडवलं. “पहिल्याने उंचवटा केला, की त्याच क्षणी दुसऱ्याने तिथे खळगा करायचा. उंचवटा आणि खळगा एका जागी आले तर काय होईल?”

“सपाट.”

“सपाट! माझ्या बोटांना ते जमत नाही, पण याला जमतं.”

खोक्यातून तिने तळहाताएवढी एक चकती काढली. काळी, रबरासारखी मऊ. तिला दोन तारा जोडल्यावर चकती फुगली, बसली, फुगली, बसली. इतकी भराभर, की अंकुशच्या हातावर ती मांजरासारखी घुरघुरली. अशा चारशे चकत्या बोटीच्या तळाला बाहेरून चिकटवायच्या होत्या. प्रत्येकीत पाण्याचा दाब मोजणारा एक ठिपका होता. बोटीतला संगणक त्या चारशे ठिपक्यांवरून ओळखायचा, की पुढच्या क्षणी लाट कुठे उठणार आहे. आणि ती उठायच्या आत चकत्या हलवून तिची उलटी लाट तयार करायचा. सेकंदाला पन्नास वेळा.

“चेन्नईत टाकीमध्ये चाललंय हे,” ओवी म्हणाली. “उघड्या पाण्यावर कुणीच अजून लावलेलं नाही. मी मुद्दाम पहिल्यांदा इथे आणलं.”

“नाव काय ठेवलंस?”

“साय. दुधावर धरते तशी. खाली दूध हलत असलं तरी वर ती शांत.”

अंकुशने चकती उलटीपालटी करून पाहिली. “उंचवटा खळग्यात गेला. ठीक. पण बोटीने पाण्याला ढकललं, तो जोर जातो कुठं?”

“थोडा चकत्यांत ऊब होऊन जिरतो. बाकीचा पातळ होऊन चहूकडे पसरतो. कळतसुद्धा नाही.”

अंकुशने मान डोलावली. मुलीने विचार केलाच असेल, असं त्याला वाटलं.

*

चार दिवस बापलेक बोटीखाली आडवे पडून चकत्या चिकटवत होते. पाचव्या दिवशी सकाळी सातला बोट पाण्यात गेली. सातही मुलं धक्क्यावर रांगेने बसली होती. अंकुशने वेग वाढवला. वीस. चोवीस. अठ्ठावीस. नेहमीसारखी लाट मागे उभी राहिली.

“चालू करते,” ओवी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

तळातून एक बारीक गुणगुण आली. अंकुशने आरशात पाहिलं आणि त्याचा हात चाकावर थांबला. डावीकडचा बांध आधी खचला. मग उजवीकडचा. दहा सेकंदांत बोटीच्या मागे काही उरलंच नाही. बोट अठ्ठावीसच्या वेगाने धावत होती आणि मागच्या पाण्यात समोरचा डोंगर जसाच्या तसा दिसत होता, झाडांसकट.

धक्क्यावर सातही जणांनी एकदम आरोळी ठोकली.

“पप्पा!” ओवी त्याचा खांदा गदागदा हलवत होती. “पप्पा, बघा ना!”

“बघतोय गं!” अंकुश हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “आयला, बोट गेली का न्हाई गेली ते कळंना पाण्याला!”

शिवन्याने दोरी धरली ती सगळ्यांना ढकलूनच. बोट निघाली, ती उभी राहिली, डावीकडे झुकली आणि घसरत गेली. जिथे रोज आपटायची तिथून सरळ पार झाली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. तिला आधी विश्वासच बसेना. दर वेळी मधल्या जागी ती गुडघे वाकवून तयार व्हायची आणि तिथे काहीच नसायचं. चौथ्या फेरीला तिने गुडघे वाकवणं सोडून दिलं आणि खदाखदा हसत सुटली. ते हसणं बोटीपर्यंत ऐकू येत होतं.

त्या दिवशी कुणी जेवायलाही घरी गेलं नाही. संध्याकाळपर्यंत सातही मुलं न पडता पार झाली होती. आठवडाभरात पलीकडच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले. दोरीवर आधी दोन मुलं, मग तीन मुलं एकदम धावू लागली. मुलं किनाऱ्याला आली की सरळ ओवीकडे पळायची. “ओवीताई, आज किती सपाट होतं?” “ओवीताई, माझा आलेख दाखव ना!”

एका दुपारी ओवी म्हणाली, “पप्पा, त्या गोणी आता काढून टाकूया का? वजन इकडेतिकडे झालं की सायचं गणित चुकतं. पेटारेही मागे मूळ जागी. आणि ती पत्र्याची झडपही नको.”

अंकुशने एकेक गोण पाठीवर घेऊन किनाऱ्यावर टाकली. झडप काढायला त्याला तासभर लागला. खिळे त्याने स्वतःच वाकवून मारले होते. आता त्याच्याकडे दोनच कामं उरली होती: चाक सरळ धरायचं आणि काटा अठ्ठावीसवर ठेवायचा. मुलांचं हसणं ऐकून त्याला बरं वाटायचं. आणि तरी घरी आल्यावर तो ओवीशी थोडं कमी बोलायचा. तिला ते कळत होतं.

म्हणूनच असेल, मे महिन्याच्या मध्याला त्याने जी गोष्ट सांगितली ती ओवीने नीट ऐकून घेतली नाही.

“बोट जड लागतीय,” तो म्हणाला. “अठ्ठावीसला गेली की चढावर चालल्यागत वाटतं. तळव्यांना जाणवतं. एप्रिलात असं नव्हतं.”

ओवीने पडद्यावरचे आकडे पाहिले. बोटीच्या मागची लाट: शून्य. “मागे तर काहीच नाहीये, पप्पा. बॅटऱ्या जुन्या झाल्यात. वीस तारीख झाली की बदलू.”

“बॅटरीचं जडपण वेगळं असतं.”

“पप्पा, तुम्हाला साय आवडत नाही का?”

“तसं कुठं म्हणालो मी,” तो म्हणाला आणि उठून गेला.

*

वीस तारखेला धक्क्यावर जत्रेसारखी गर्दी होती. निवड समितीच्या वैशाली रणपिसे स्वतः बोटीत बसल्या. एकेकाळी त्यांनी स्वतः पाण्यावर पदकं जिंकली होती, आणि त्यांना मागची लाट नसलेली बोट बघायची होती. ठरलं होतं असं: शिवन्या आणि आणखी दोघं एकाच वेळी दोऱ्या धरून निघतील आणि जलाशयाच्या लांब, अरुंद फाट्यातून दोन किलोमीटर न थांबता जातील. एवढं अंतर इतक्या लहान मुलांनी सलग कापलेलं देशात कुणी पाहिलं नव्हतं. फाट्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेतून, पलीकडच्या गावांतले पालक लाँचने येत होते. रऊफ मुजावरची लाँच. चाळीस माणसं.

बोट निघाली. मुलं उभी राहिली. अठ्ठावीस. साय चालू झाली आणि मागचं पाणी काचेसारखं झालं. रणपिसेबाई अर्ध्या उभ्या राहून मागे पाहत होत्या. “अशक्य आहे हे,” त्या म्हणाल्या. “मुली, हे तू कसं केलंस?”

तिन्ही मुलं एकमेकांना ओलांडून जात होती, जणू पाण्यावर फुगडी चालली होती. ओवीचा चेहरा फुलला होता. अर्धा किलोमीटर. पाऊण.

अंकुश मागे बघत नव्हता. त्याच्या चपला बाजूला होत्या आणि अनवाणी तळवे फळीवर होते. बोट जड होती. आजवर कधी नव्हती एवढी. विजेचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. मोटर सगळा जोर लावत होती आणि मागे एक सुरकुतीही नव्हती. मग जोर जातो कुठं?

त्याने समोर पाहिलं. बोटीच्या पुढे, वीसेक हातांवर, पाणी उंच होतं.

ती लाट लाटेसारखी दिसतच नव्हती. फेस नाही, कडा नाही. फाट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याचा एक गुळगुळीत फुगवटा बोटीच्या पुढे पुढे चालला होता. काठावरचं एक झुडूप त्यात कंबरेपर्यंत बुडालं आणि तो पुढे गेल्यावर पुन्हा वर आलं.

त्याला एवढंच कळलं, की ही लाट बोट बनवतेय आणि प्रत्येक क्षणाला ती मोठी होतेय. आणि समोर चिंचोळी वाट होती. तिथे फाटा निम्म्याने आवळतो. तिथे ही लाट दुप्पट होईल. आणि तिथून लाँच येत होती.

मोटर थांबवली तर मुलं पाण्यात पडणार, दोन किलोमीटर अर्धे राहणार, आणि सगळं संपणार. त्याने एकदा आरशात पाहिलं. शिवन्या एका हाताने दोरी धरून दुसरा हात हवेत नाचवत होती.

त्याने मोटर बंद केली.

मुलं पाण्यात बसली. “पप्पा! काय केलंत हे?” ओवी किंचाळली. रणपिसेबाई तोल जाऊन बाकावर आदळल्या. अंकुशने वॉकीटॉकी उचलला.

“रऊफभाई! रऊफभाई, कुठं आहेस?”

“चिंचोळीत शिरतोय. काय झालं?”

“मोठी लाट येतीय. दिसणार न्हाई, पाणी फुगल्यागत दिसेल. लाँच आडवी ठेवू नको, तोंड लाटेकडं कर. सगळ्यांना खाली बसव. आत्ता!”

“कसली लाट? वारा तर नाही—”

“रऊफभाई, मी सांगतोय म्हणून कर!”

पलीकडे रऊफचा ओरडण्याचा आवाज आला: “बसा! सगळे खाली बसा!”

आता ओवीनेही पाहिलं. बोट थांबली होती, पण फुगवटा थांबला नव्हता. तो एकटाच पुढे चालला होता, तेवढ्याच वेगाने. फुटत नव्हता, विरत नव्हता.

“ती थांबणार नाही,” ओवी पुटपुटली. “अशी लाट थांबत नाही, पप्पा. कितीही लांब जाते.”

अडीच मिनिटं. तेवढ्यात त्यांनी तिन्ही मुलांना बोटीत ओढून घेतलं. लांब, दोन डोंगरांच्या मध्ये, लाँचचं पांढरं टोक हळूहळू वळताना दिसत होतं. वळलं. मग ते वर उचललं गेलं, इतकं, की तळाचा लाल रंग दिसला. मग दणकन खाली आलं. पाण्याचा पडदा उडाला आणि लाँच दिसेनाशी झाली.

“माझी आई आहे त्यात,” शिवन्या म्हणाली.

वॉकीटॉकी खरखरला. “अंकुश… अंकुश… तरंगतोय आम्ही. सगळे आहेत. एका बाईचा हात दुखावलाय. पाणी भरलंय घोट्याएवढं. काय होतं रे ते?”

शिवन्याने दोन्ही हातांनी अंकुशचा दंड धरून ठेवला होता.

*

लाटेने चिंचोळीच्या पलीकडची मच्छीमारांची चार जाळी फाडली होती आणि एका धक्क्याच्या फळ्या उखडल्या होत्या. हात दुखावलेली बाई म्हणजे शिवन्याचीच आई. मनगटाचं हाड मोडलं होतं. ओवी तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, “काकू, चूक माझी आहे. पप्पांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.” “मग आता ऐक,” एवढंच शिवन्याची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओवी वह्या घेऊन बापाच्या शेजारी बसली.

“दर खोलीच्या पाण्याचा एक ठरावीक वेग असतो,” ती सांगू लागली. “त्या वेगापेक्षा उथळ पाण्यातली लाट जास्त जोरात पळूच शकत नाही. खोल पाण्यात हा वेग मोठा, उथळात लहान. बोट नेमकी त्याच वेगाने गेली, की तिची लाट तिच्यापासून सुटत नाही. बोट ढकलत राहते, लाट साठत राहते. दोनशे वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने कालव्यात अशी लाट पाहिली होती. घोड्यावरून मैलभर तिच्या मागे गेला, तरी ती विरली नव्हती.”

“आणि आपली खोली?”

“सहा मीटरला तो वेग येतो ताशी साडेसत्तावीस.”

अंकुशने हळूच शीळ घातली. “आपण अठ्ठावीस.”

“एरवी थोडा जोर मागच्या लाटेतून निसटून जातो. सायने ती वाटही बंद केली. मग सगळा पुढे.” तिने वही मिटली. “पण माझ्या नकाशात त्या फाट्यात अठरा मीटर पाणी आहे. मी तो नकाशा धरून सगळं तपासलं होतं.”

“नकाशा कधीचा?”

“धरणाचा. तीस वर्षांपूर्वीचा.”

“गाळ भरलाय त्यात. आणि मे महिन्यात पाणी खाली जातं. दुष्काळाच्या साली मी त्या जमिनीवरून चाललोय, ओवे. आमच्या आजोबांची भातखाचरं हायेत तिथं खाली. सपाट. एका पायरीखाली दुसरी.” तो उठला. “चल. तुला खरा नकाशा दाखवतो.”

पुढचे सहा दिवस बापलेक जलाशयभर फिरले. ओवीकडे खोली मोजायचं यंत्र होतं. पण कुठे मोजायचं ते अंकुश सांगायचा. इथे देवळाचा चौथरा. इथे चिंचेचा पार. इथून डावीकडे जुनी नदी वळते. बुडालेलं सगळं गाव त्याने पाण्यावरून बोटाने दाखवलं, आणि यंत्राने दर वेळी त्याचा शब्द खरा केला. नदीचं जुनं पात्र सापडलं तेव्हा आकडा भरभर वाढत गेला. वीस. सव्वीस. एकतीस मीटर.

ओवी आकडेमोड करून ओरडलीच, “पप्पा! इथे तो वेग ताशी साठच्या वर आहे! आपण त्याच्या जवळपासही जाणार नाही!”

“सरळ दोन किलोमीटर मिळतील. मधे एकच वळण हाय, बैल पाणी प्यायचे तिथलं.”

“मला आधी तुम्हाला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “गोणी काढायच्या आधी.”

अंकुश म्हणाला, “मलाही ओरडून सांगायला पाहिजे होतं. मी रुसून बसलो.” आणि मग, “ते पेटारे पुन्हा पुढं नेऊ. तुझ्या सायला निम्मंच काम पडेल.”

ओवीने गणित करून पाहिलं. निम्मं नाही, चाळीस टक्केच पडत होतं. तिने साय नव्याने शिकवली. आता प्रत्येक क्षणी खोली मोजली जायची. वेग आणि खोली जवळ येऊ लागले की साय आपोआप बंद पडायची आणि मागची लाट मोकळी सुटायची. पुढच्या पाण्यावरही एक डोळा बसवला. तरीही तिने प्रयोगशाळेला लेखी कळवलं, की कुठलंही पाणी तळापर्यंत मोजल्याशिवाय त्यावर साय चालवू नये. दोन कंपन्यांनी साय ही अट न घालताच विकायची तयारी दाखवली होती. तिने दोघांनाही नाही म्हटलं.

*

रणपिसेबाई सोळा दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी रऊफने लाँच चिंचोळीत नांगरून ठेवली होती. सोबत लाट मोजायला खुणा रंगवलेली एक काठी पाण्यात रोवली होती, आणि डेकवर शिवन्याची आई प्लॅस्टरमधला हात धरून बसली होती. ती स्वतःहून आली होती.

“रऊफभाई, निघतोय.”

“ये. काठीवर नजर हाय माझी.”

या खेपेला शिवन्या एकटीच. जुन्या नदीच्या पात्रावरून बोट सुटली. अठ्ठावीस. अंकुश समोर बघत होता. ओवीही समोरच बघत होती. पाणी सपाट. विजेचा काटा हिरव्यात. तळव्यांखाली बोट पिसासारखी हलकी.

“काठी?” अंकुशने विचारलं.

“पाणी दोन बोटं चढलं. बस.”

एक किलोमीटर. बैलांच्या पाणवठ्याचं वळण अंकुशने असं घेतलं, की दोरी जरासुद्धा ढिली पडली नाही. दीड. मागे शिवन्या इकडून तिकडे, तिकडून इकडे, लोलकासारखी. दोन.

“झालं!” रणपिसेबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. “केळगणे, थांबवा बोट. मुलगी संघात आहे.”

अंकुशने वेग कमी करायला हात उचलला आणि आरशात पाहिलं. शिवन्याने एक हात सोडून अंगठा वर केला होता. पाण्यावर या खुणेचा एकच अर्थ: आणखी जोरात.

“काय म्हणते ती?” ओवी वळून पाहू लागली.

“एकतीस मागतीय.”

“आत्तापर्यंत कधी गेलीय?”

“कधीच न्हाई.”

पात्र पुढे अजून दीड किलोमीटर सरळ होतं आणि खोल होतं. अंकुशने रणपिसेबाईंकडे पाहिलं. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली आणि मान डोलावली.

एकतीस. शिवन्या थोडी डगमगली, सावरली, आणि अंगठा पुन्हा वर.

चौतीस. फळ्यांच्या मागून पाण्याचा पंखा उडू लागला. ती आता इतकी तिरकी झुकत होती, की कोपर पाण्याला लागत होतं. अंगठा वर.

सदतीस. बोटीने पुढचं टोक खाली केलं, मागचं अंग वर उचललं आणि ती पाण्यावरून मोकळी धावू लागली. तळातली गुणगुण बारीक होत होत थांबली. ओवीने पडद्यावर पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

“पप्पा, साय रिकामी बसली! तिच्याजोगं काही कामच उरलं नाही!”

“मग झोपू दे तिला!” अंकुश वाऱ्यात ओरडला.

“अंकुश, काठीवर पाणी हललंच नाही!” वॉकीटॉकीवर रऊफचा आवाज होता, आणि त्याच्या मागे एक बाई मोठमोठ्याने ओरडत होती, “ये शिवे! ये शिवे! ये!”

चाळीस. अंकुशने आरसा पुसला आणि पाहिलं. एक छोटी काळी आकृती, मागे उन्हात चमकणारी तुषारांची भिंत, आणि अंगठा अजून वरच.